खडकी स्कॉटलंडमध्ये? एका आयरिश पणजोबांचा शोध (मदत हवी आहे)

नदीकाठची | ३ जून

नमस्कार मंडळी. धागा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहते. शेजारच्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आडनाव अस्सल आयरिश (आपल्याकडच्या जाधव-शिंद्यांइतकं कॉमन, म्हणून इथे देत नाही आणि देऊन उपयोगही नाही). गेली वीस वर्षं त्या पणजोबांचा शोध घेतायत. हाती एवढंच आहे: माणूस आयर्लंडचा, तोफखान्यात होता, कुठेतरी परदेशात लढला, एक पदक मिळालं. १८६४ मध्ये चौथ्या वायकाटो रेजिमेंटबरोबर इथे आला (वायकाटो म्हणजे हा आमचा भाग) आणि मिळालेल्या पन्नास एकरांवर राहिला. त्याआधीचं सगळं कोरं.

परवा त्यांनी घरातलं जुनं प्रार्थनेचं पुस्तक दाखवलं. पहिल्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मनोंदी, शाई पार तपकिरी झालेली. सगळ्यात वर थोरली मुलगी. नाव, नोव्हेंबर १८५६, आणि पुढे गाव. आजी म्हणाल्या, "हे गाव स्कॉटलंडमधलं. कर्क म्हणजे तिकडे चर्च ना! पण कुठल्याच नकाशात सापडत नाही." मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. के, आय, आर, के, डबल ई.

किर्की! माझं माहेर औंधचं. बाबा तीस वर्षं सायकल हाणत खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेले. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ओरडले, "अहो, ही आमची खडकी!" आजींनी आधी कप खाली ठेवला आणि मग विचारलं, "कुठली?"

तर प्रश्न असा, की आता पुढे काय करायचं? १८५६ मध्ये खडकीत असलेला आयरिश तोफखानेवाला कुठल्या दफ्तरात सापडेल? आणि तिथून त्याच्या आयर्लंडमधल्या गावापर्यंत कसं पोचायचं?

खडकीकर | ३ जून

वीस वर्षं स्कॉटलंड! अहो, रेंजहिल्सच्या कुठल्याही पोराने दोन सेकंदांत सांगितलं असतं.

तोफखाना आणि खडकी हे एकदम जुळतं. मुंबई इलाख्यातलं तोफखान्याचं मुख्य ठाणंच खडकी. तुमच्या बाबांची फॅक्टरी मात्र नंतरची.

तिरकस | ३ जून

तरी बरं, मुलगी भोसरीत जन्मली नाही. इटलीत शोधत बसले असते.

मुक्ता_डब्लिन | ४ जून

नदीकाठची, मी इथे अकरा वर्षं आहे. हापिसातल्या निम्म्या लोकांना हा पूर्वजांचा नाद आहे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत हेच ऐकत असते. आधी वाईट बातमी.

आयर्लंडची एकोणिसाव्या शतकातली जनगणना जवळजवळ नाहीच. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्यात होते. जून १९२२ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि ती इमारत स्फोटात, आगीत गेली. थोडेच कागद हाती लागले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने आपण होऊनच नष्ट केलेले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात घातले. म्हणजे जे आगीत गेलं नाही ते रद्दीवाल्याने आधीच नेलं होतं. पूर्ण अशी पहिली जनगणना हाताला लागते ती थेट १९०१ ची.

जन्ममृत्यूची सरकारी नोंद सगळ्यांसाठी सुरू झाली १८६४ मध्ये. तुमचा माणूस तोवर वायकाटोत.

आता चांगली बातमी. तो कॅथलिक असेल तर त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चखालच्या टापूच्या) चर्चमध्येच राहिली. प्रॉटेस्टंट चर्चच्या पुष्कळ वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनला आणल्या होत्या आणि नेमक्या त्याच जळाल्या. कॅथलिक वह्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट ऑनलाइन ठेवलीत. पण त्या पॅरिशवार आहेत. नुसतं "आयर्लंड" किंवा नुसती काउंटी (म्हणजे जिल्हा) कळून भागत नाही, पॅरिश हवी. आणि ती बहुधा लष्कराच्या कागदांतच मिळेल.

अण्णा_कराडकर | ४ जून

हे वाचून आमच्याकडच्या हेळव्यांची आठवण झाली. दर काही वर्षांनी बैल घेऊन यायचे, ओसरीवर बसून पंधरा पिढ्या घडाघडा म्हणायचे आणि धान्य घेऊन जायचे. वडील म्हणायचे, कोर्टाचं दफ्तर जळेल, हेळव्याचं नाही.

त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा उपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांची मोडीतली सही बघितली. हात थरथरला होता माझा. आयरिश लोकांत असे कुणी नव्हते का?

मुक्ता_डब्लिन | ४ जून

होते की अण्णा! जुन्या आयरिश सरदारांकडे वंशावळी सांभाळणारी पिढीजात घराणीच असायची. पण ते राजेरजवाड्यांचं. शेतमजुराची वंशावळ कोण म्हणणार?

एक मात्र आपल्यासारखं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, अशी बऱ्याच घरांत रीत. नदीकाठची, त्या पानावरची मुलांची नावं क्रमाने लिहून ठेवा, पुढे लागतील.

दफ्तरदार | ५ जून

इथे एक कळीचा मुद्दा राहतोय. कुठलं सैन्य?

१८५६ मध्ये हिंदुस्थानात गोऱ्यांची दोन सैन्यं होती. एक राणीचं, म्हणजे इंग्लंडहून काही वर्षांसाठी येणाऱ्या पलटणी. दुसरं ईस्ट इंडिया कंपनीचं स्वतःचं: बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या गोऱ्या पलटणी आणि तोफखाने. दोन्हींत आयरिश भरपूर, आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पाव भागात कंपनीच्या गोऱ्या भरतीत तर जवळजवळ निम्मे. पण दोघांचे कागद वेगळ्या ठिकाणी. राणीच्या सैनिकाचे लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात, कंपनीवाल्याचे ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात.

माझा अंदाज सांगतो. आजींनी "तोफखाना" म्हणून वीस वर्षं रॉयल आर्टिलरीचे, म्हणजे राणीच्या तोफखान्याचे, कागद चाळले असणार. तो कंपनीचा असेल तर तिथे जन्मभर सापडणार नाही.

पदक आहे ना? त्याच्या कडेवर काय कोरलंय ते बघा. पृष्ठभागावर नाही, जाडीवर. नाण्याच्या कंगोऱ्यावर असतं तसं.

नदीकाठची | ८ जून

दफ्तरदार, दंडवत घ्या.

पदक काचेच्या चौकटीत होतं, मखमलीवर घट्ट चिकटवलेलं. आजींच्या वडिलांनी केलेलं काम, त्यामुळे उघडायला त्या तयार होईनात. शेवटी शनिवारी दोघी बसलो. पातळ सुरी, गरम पाण्यात भिजवलेली फडकी आणि दीड तास. चौकटीची एक बाजू मोडलीच (माझ्या हातून, हो). मखमलीचा तुकडा पदकाला चिकटून आला.

पुढे राणीचं डोकं, मागे ढाल घेतलेली ब्रिटानिया आणि सिंह, खाली १८५७-१८५८. फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे, आता चहाच्या रंगाचे. वर आडवी पट्टी: "सेंट्रल इंडिया". आणि कडेवर, अगदी बारीक ठशांत, त्याचं नाव आणि "बॉम्बे आर्टिलरी".

आजी म्हणाल्या, "हे अख्खा जन्म भिंतीवर माझ्यासमोर होतं." आणि हो, क्यूला रॉयल आर्टिलरीचेच कागद बघितले होते.

झुंजार | ८ जून

सेंट्रल इंडिया १८५८ म्हणजे झाशी. इंग्रज सेनापती ह्यू रोजने झाशी जिंकल्यावर शहरात जी कत्तल झाली ती विसरलात का सगळे? वरसईचे गोडसे भटजी तेव्हा झाशीतच अडकले होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलंय. राणीवर तोफा डागणाऱ्याच्या पदकाला आपण गरम पाण्याने शेकतोय. कौतुक वाटलं.

दफ्तरदार | ८ जून

झुंजार, राग समजतो, पण घाई करू नका. ती पट्टी फक्त झाशीची नाही. रोजच्या फौजेबरोबर राजपुतान्यातल्या रॉबर्ट्सच्या आणि मद्रासहून आलेल्या व्हिटलॉकच्या फौजेलाही तीच मिळाली. रोजबरोबर असला तरी झाशी, कोंच, काल्पी, ग्वाल्हेर यांपैकी कुठे होता ते तुकडीच्या हजेरीपटावरून ठरेल.

झाशीवर तेव्हा गेलेल्यांत आयरिश होते हे मात्र खरं. ८६ वी पलटण काउंटी डाउनच्या नावाची. आणि राणी पडली त्या कोटा की सरायच्या लढाईत हल्ला केला तो आठव्या हुसार्स या घोडदळाने, त्यांच्या नावातच "रॉयल आयरिश" आहे.

झुंजार | ९ जून

म्हणजे माझंच म्हणणं पुढे नेलंत की! स्वतःचा देश इंग्रजांच्या टाचेखाली, आणि हे दुसऱ्याचा देश टाचेखाली घालायला निघाले.

मुक्ता_डब्लिन | ९ जून

नाकारत नाही. पण भरतीचा काळ बघा. १८४५ ते १८५२ बटाट्याचं पीक कुजलं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. घरभाडं थकलं की जमीनदाराची माणसं येऊन छप्पर उतरवायची, म्हणजे परत घुसायची सोयच नको. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरासमोर वर्कहाउस (कंगालांना काम करवून घेऊन ठेवायची जागा), अमेरिकेचं जहाज किंवा भरतीचा सार्जंट एवढेच पर्याय. जहाजाला पैसे लागतात. सार्जंट उलट पैसे हातावर ठेवतो.

झुंजार | ९ जून

पोटासाठी गेला, मान्य. मग ते पन्नास एकर? ते तरी कुणाचे होते?

नदीकाठची | १० जून

माओरींचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे. सरळच सांगते.

१८६३ मध्ये वायकाटोवर चढाई झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने जमिनी जप्त केल्या, एकट्या वायकाटोत बारा लाख एकर. त्यावर वसवायला ऑस्ट्रेलियातून आणि ओटागोच्या सोन्याच्या खाणींवरून माणसं भरती केली. साध्या शिपायाला शेतीचे पन्नास एकर आणि गावात एक एकर. चौथी रेजिमेंट ऑगस्ट १८६४ मध्ये "रांगिरिरी" नावाच्या बोटीतून इथे उतरली. त्या बोटीचा गंजलेला सांगाडा आमच्या नदीकाठच्या बागेत ठेवलाय, मी रोज संध्याकाळी त्याच्यावरून चालत जाते. १९९५ मध्ये सरकारने लेखी माफी मागितली आणि भरपाईही दिली.

आजींना हे सगळं ठाऊक आहे. त्यांची नात माओरी शाळेत शिकते. त्या म्हणतात, "तो भला होता की बुरा हे ठरवायला आधी तो कोण होता ते तर कळू दे."

झुंजार | १० जून

ठीक. मी वाचतोय.

खडकीकर | ११ जून

वातावरण हलकं करतो. देवळालीच्या छावणीत परतीच्या बोटीची वाट बघत बसलेले गोरे सोजीर कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला "डूलॅली टॅप" म्हणू लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! नाशिककरांनी याची रॉयल्टी मागायला हवी.

निशिगंध | ११ जून

आणि स्पाइक मिलिगन विसरलात? इंग्रजी विनोदाचा बादशहा, जन्म अहमदनगरचा, १९१८. बाप आयर्लंडमधल्या स्लायगोचा, ब्रिटिश फौजेत. लहानपण पुण्यात गेलं. पुढे आईबाप ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. म्हणजे या धाग्याचीच गोष्ट, फक्त साठ वर्षांनी. त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत लिहिलंय, "सांगितलं होतं ना, मला बरं नाही म्हणून."

मूळ मुद्दा: मुलगी खडकीत जन्मली म्हणजे आई कोण? कंपनीच्या शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं केलेली उदाहरणं खूप आहेत. चर्चच्या वहीत तिचं फक्त बाप्तिस्म्याचं नाव असतं, आडनाव नाही. डीएनए चाचणी करून बघायला हरकत नाही.

तिरकस | ११ जून

आणि आजी निघाल्या बोपोडीच्या कुणा शिंद्यांच्या भाचीच्या वंशातल्या. मग झुंजारला राखी पाठवतील.

दफ्तरदार | १२ जून

निशिगंध यांची सूचना चांगली आहे, पण आधी कागद. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा अभ्यास करणारी फिबिस नावाची संस्था आहे, तिची सूची फुकट आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, आणि त्यांतल्या कॅथलिकांच्या नोंदी वेगळ्या बघाव्या लागतात. नावाची स्पेलिंगं चार तऱ्हांनी शोधा, आडनावाआधीचा "ओ" काढूनही. वयावर अजिबात विश्वास ठेवू नका.

नदीकाठची | २९ जून

मंडळी, आहे बातमी.

मुलीचा बाप्तिस्मा अजून नाही मिळाला, पण लग्न मिळालं. पुणे, १८५५. तो बॉम्बे आर्टिलरीचा गनर, म्हणजे तोफखान्यातला शिपाई, वय बावीस. ती विधवा. वय सतरा.

सतरा वर्षांची विधवा. बापाच्या नावापुढेही गनर. म्हणजे तोफखान्यातलीच मुलगी, बराकीतच वाढलेली असणार. माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून पहिल्या नवऱ्याचं नाव दफनांत शोधलं. या लग्नाच्या चार महिने आधीचं आहे. वय चोवीस.

दफ्तरदार | २९ जून

यात नवल काही नाही. नवरा गेला की काही महिन्यांत विधवेचा भत्ता थांबायचा. बराकीत राहायचं तर कुणाची तरी बायको म्हणून. नाहीतर इंग्लंडची बोट, तीही जिथे तिचं कुणी नाही तिथे.

अण्णा_कराडकर | २९ जून

चार महिने. आमच्याकडे त्याच काळात सतराव्या वर्षी केशवपन करून कोनाड्यात बसवत होते. कुणाला बरं म्हणावं कळत नाही.

निशिगंध | ३० जून

माझा डीएनए मागे घेते. पण तो नोकरी सोडून न्यूझीलंडला का गेला असेल? तोफखाना तर चालूच होता.

दफ्तरदार | ३० जून

१८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीकडे गेला. कंपनीचे गोरे शिपाई परस्पर राणीच्या सैन्यात वर्ग झाले. ते म्हणाले, आम्ही नव्याने भरती होतोय, तर भरतीचा बक्षिसी पैसा द्या, नाहीतर मोकळं करा. आम्ही काय गुरं आहोत, हस्तांतर करायला? १८५९ मध्ये छावण्यांत असंतोष एवढा पेटला, की त्याला गोऱ्यांचं बंड म्हणतात. शेवटी सोडून जायची मुभा दिली आणि दहा हजारांच्या आसपास लोक निघून गेले. तुमचा गनर त्यांतला असेल तर १८६१-६२ पासून बनलेल्या नव्या तोफखान्यात तो दिसणारच नाही.

झुंजार | ३० जून

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे बंड मोडायला गेलेल्यांनीच वर्षभरात बंड केलं! आवडलं.

नदीकाठची | २१ जुलै

आजींचा भाचा लंडनला असतो. त्याला ब्रिटिश लायब्ररीत पिटाळलं. कंपनीची भरती झालेली पोरं आधी एसेक्समधल्या वॉर्लीच्या डेपोत जात, तिथल्या नोंदवह्या आहेत. दोन दिवस तो पानं उलटत होता. तिसऱ्या दिवशी फोटो आला:

१८५२. वय एकोणीस. उंची पाच फूट साडेपाच इंच. धंदा: मजूर. डोळे करडे. काउंटी क्लेअर, पॅरिश किलरश.

हजेरीपटात १८५९ अखेरीस नावापुढे "डिस्चार्ज्ड". दफ्तरदार, तुमच्या तोंडात साखर.

आजींनी तो फोटो छापून फ्रिजवर लावलाय. आपल्या तिसऱ्या मुलीचे डोळे करडे आहेत म्हणे, दिवसभर सगळ्यांना तेच सांगत होत्या.

मुक्ता_डब्लिन | २१ जुलै

किलरश! माझ्या अंगावर काटा आला. दुष्काळात घरं पाडण्यात देशात सगळ्यात बदनाम झालेल्या भागांपैकी एक. १८५२ मध्ये तिथून एकोणीस वर्षांचा मजूर निघाला, यात विचारण्यासारखं काही उरत नाही.

आता जपून. किलरशच्या बाप्तिस्म्याच्या वहीत १८३१ ते १८३५ एवढी वर्षं बघा, आणि त्याच नावाची सगळी मुलं टिपा. दोन-तीन तरी निघतील. मग आजींच्या यादीतल्या थोरल्या मुलाचं नाव कुठल्या बापाशी जुळतं ते पाहा. आणि प्रत्येक नोंदीत टाउनलँड लिहिलंय का बघा. टाउनलँड म्हणजे आपली वाडी. देशभरात अशा साठ हजारांवर आहेत, आणि खरं घर तिथेच सापडतं. वह्या लॅटिनमध्ये असतील, घाबरू नका, नावं कळतात.

नदीकाठची | २ ऑगस्ट

त्याच नावाचे तीन निघाले. एकाच्या बापाचं नाव थोरल्या मुलाशी जुळतं, दुसऱ्याच्या आजोबांचं धाकट्याशी. आजी पहिल्यावर ठाम आहेत. मी नाही. मुक्ता, तू सप्टेंबरमध्ये क्लेअरला जाणार होतीस ना?

मुक्ता_डब्लिन | २ ऑगस्ट

जाते. दोन्ही वाड्यांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खडकीकर | ३ ऑगस्ट

मी रविवारी एम्प्रेस गार्डनजवळच्या सेंट पॅट्रिक्सला जाऊन आलो. १८५० चं, आयरिश फौजींसाठीच बांधलेलं. फादर म्हणाले, जुन्या वह्या दाखवायच्या तर बिशप हाउसची लेखी परवानगी लागेल, अर्ज दिलाय. येताना खडकी स्टेशनच्या पिवळ्या पाटीचा व्हिडिओ काढला, मागून लोकल जातेय. आजींना दाखवा.

नदीकाठची | ३ ऑगस्ट

दाखवला. सहा वेळा बघितला. आता दारात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात, "माय ग्रँडआँट वॉज बॉर्न इन कडकी."

तिरकस | ३ ऑगस्ट

त्यांना सुधारू नका. कडकी होती म्हणूनच तो खडकीला आला.

नदीकाठची | ३ ऑगस्ट

आता हे मी त्यांना इंग्रजीत कसं समजावू?